दिलगिरीची पट्टी

औषधवाल्याने दार उघडलं आणि बातम्या वाचणाऱ्या बाई समोर दिसताच चौकटीला हात आडवा लावला.

"आता आणखी काय सांगायचं राहिलंय?"

"चूक आमची होती, हे," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईंना."

त्याचा हात खाली आला.

दोन खोल्यांतल्या रेडिओपासून बाईंची कंपनी वाढत वाढत सात मजली झाली, टीव्हीत शिरली, आणि मजल्यांबरोबर कोर्टकचेऱ्याही वाढल्या. गेल्या आठवड्यात बनावट औषधांच्या बातमीत या भल्या माणसाच्या दुकानाचं नाव घुसडलं गेलं. चूक कळल्यावर वकिलांनी तोलूनमापून दिलगिरी लिहिली. ती पडद्याच्या तळाशी पट्टीत दहा सेकंद धावली. तोंडाने अवाक्षर काढायचं नाही, असा वरून हुकूम होता. औषधवाल्याने फोन करून एवढंच म्हटलं, "आईला दिसत नाही हो." ऑफिसात त्यावर कोणीतरी हसलंसुद्धा. बाईंना मात्र दोन दिवस घास गोड लागला नव्हता. ती बातमी त्यांनीच वाचली होती.

म्हातारी बंद खिडकीशी खुर्चीत बसली होती.

"नमस्कार, आजी."

तिने झटकन मान वळवली. "अगं बाई, तू! रेडिओवर होतीस तेव्हापासून ऐकतेय तुला. सर्दी झाली तरी मला आधी कळतं." मग तिचा आवाज उतरला. "आठ दिवस लेकाशी बोलले नाही गं. तो शपथा घेत होता. मी म्हटलं, ती कशाला खोटं सांगेल?"

औषधवाला दाराशी खाली मान घालून उभा होता. पन्नाशीचा माणूस, पण चेहरा शाळेतून विनाकारण मार खाऊन आलेल्या पोरासारखा.

बाईंनी पर्समधून वकिलांच्या दिलगिरीचा कागद काढला. हे वरच्यांच्या कानावर गेलं तर नोकरी राहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि स्टुडिओतल्यासारखं ठणठणीत वाचलं.

"आजची ठळक बातमी. कोपऱ्यावरच्या दुकानात बनावट औषधं विकली जातात, ही आम्ही दिलेली बातमी चुकीची होती; त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दुकानदाराचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही. ते प्रामाणिक आहेत. आम्ही त्यांची आणि त्यांच्या आईची क्षमा मागतो."

शेवटची दोन वाक्यं कागदावर नव्हती.

म्हातारीचा हात हवेत लेकाला शोधू लागला. तो धावत येऊन तिच्या पायाशी बसला. तिने त्याचं तोंड चाचपलं आणि गाल पुसले.

"ऊठ, खिडकी उघड रे बाळा," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "आता पुन्हा वाच. त्या दिवशी सगळ्या गल्लीने ऐकलं होतं."