तुला कोणी शिकवलं?

“उठायचं नाही.” नवऱ्याने तिचं मनगट धरून ठेवलं. “आज आपण माझ्या गुडघ्यासाठी आलोय. तू निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आठवतंय ना?”

“मी कुठे उठतेय?” असं म्हणेपर्यंत सिस्टर बाकावरून अर्धी उठलीच होती.

नाव नोंदवायच्या खिडकीशी एक बाई उभी होती. खिडकीतल्या मुलीने नाव विचारताच तिने कानावर बोट ठेवलं आणि हात नकारार्थी हलवला. ऐकू येत नाही. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली.

पूर्वी या खिडकीत अशा माणसाला एकच उत्तर मिळायचं, घरचं कोणीतरी घेऊन या. मग बाई दिराला घेऊन यायची, आणि जे नवऱ्याला सांगायलाही संकोच वाटावा, ते दिराच्या तोंडून डॉक्टरांना कळायचं. म्हणून तर इथे नर्स असताना तिने या दवाखान्यातल्या एकेकाला धरून खुणांची भाषा शिकवली होती. जेवणाच्या सुट्टीत, तोंडात घास आणि हात मोकळे. निवृत्त होताना निरोपाचा चहा पिता पिता मोठे डॉक्टर म्हणाले होते, “तुम्ही होता म्हणून चाललं, सिस्टर. आता बघा, दोन महिन्यांत बंद पडेल.” त्यांनी ते कौतुक म्हणून सांगितलं होतं. तिला मात्र ते तेव्हापासून झोंबत होतं.

आणि आता खिडकीतल्या मुलीला तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या खिडकीतला तरुण नवा, दारातला रखवालदारही नवा.

“पाय काढ माझ्या पायावरून,” नवरा कुजबुजला.

खिडकीतल्या मुलीने पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर नीट उजेड पडेल अशी खुर्ची पुढे ओढली. आणि दोन्ही हात वर करून खुणांनी विचारलं, “सांगा. कुठे दुखतंय?”

बाईचे हात एकदम सुटले. पोट, कंबर, कधीपासून, किती. पुढचं सिस्टरने वाचलं नाही, मान वळवली. ते त्या दोघींमधलं होतं. पण नजरेच्या कडेला दिसायचं ते दिसलंच. मुलीची बोटं एका जागी अडखळली, काहीतरी भलतंच विचारून बसली. बाई हसली. काचेखालच्या फटीतून हात आत घालून तिने मुलीचं बोट धरलं आणि हवं तसं वाकवून दिलं. मुलीने जीभ चावली आणि पुन्हा विचारलं, या वेळी बरोबर.

“अगं, ही डोळा कसा बारीक करते बघ,” नवरा म्हणाला.

खरंच. प्रश्न विचारताना मुलीचा डावा डोळा बारीक होत होता. शेजारचा तरुण मदतीला वाकला, त्यानेही हातांनी काही विचारलं. त्याचाही डावा डोळा बारीक.

“हे त्या भाषेत असतं का?”

“नाही.” सिस्टरची नजर खिडकीवरून हलेना. “ती माझी खोड आहे.”

“म्हणजे चाळीस वर्षं मी एकटा त्या डोळ्याला तोंड देत होतो, आणि आता अख्खा दवाखाना?”

ती हसावं की रडावं या घोळात असतानाच बाई चिठ्ठी घेऊन तपासणीच्या खोलीकडे निघाली. तिच्याबरोबर कोणी नव्हतं, आणि कोणावाचून तिचं अडतही नव्हतं.

सिस्टरचे हात मांडीवर आपोआप चालू झाले होते. मघाचा प्रश्न, त्याचं उत्तर, पुन्हा प्रश्न. खिडकीतल्या मुलीला ते दिसलं. तिने मान उंचावून हात केला, आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, एकेक खूण सुटी करून विचारलं, “आजी, घाबरू नका. या. कुठे दुखतंय?”

नवऱ्याने तोंड उघडलं. सिस्टरने त्याच्या चांगल्या पायावर पाय दिला आणि खिडकीशी गेली.

“गुडघा,” तिने हातांनीच सांगितलं. “माझा नाही, यांचा.”

“यांना ऐकू येतं?”

“येतं. ऐकत नाहीत.”

मुलगी खुदकन हसली. नाव विचारून तिने ते चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी पुढे सरकवली. सिस्टरने चिठ्ठी घेतली, पण हलली नाही. तिने स्वच्छ खूण केली. “छान बोलतेस. तुला कोणी शिकवलं?”

मुलीने शेजारच्या तरुणाकडे बोट केलं. “ही खुर्ची आधी याची होती. खुर्ची सोडताना पुढच्याला शिकवूनच जायचं, असं आहे इथे.”

तरुणाला प्रश्न समजला. त्याने दारातल्या रखवालदाराकडे बोट केलं. रखवालदाराने काठी काखेत धरली, थोडा विचार केला, आतल्या वॉर्डाकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले. तिकडचं कोणीतरी. नाव काही ठाऊक नाही.

“सांगू का, तूच शिकवलंस म्हणून?” मागून नवरा हळूच म्हणाला.

सिस्टरने त्या बोटाच्या दिशेने पाहिलं. लांबच लांब व्हरांडा, घाईत येणारी-जाणारी माणसं, आणि त्यांत ओळखीचा असा एकही चेहरा नाही. तिने दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले. नाहीतर ते बोलून गेले असते.