हलू नकोस

"हलू नकोस म्हटलं ना!"

"नाही हलत हो."

"मग हे काय? माझ्या आजोबांनी येऊन केलं?"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळ्याभोर पार्श्वभूमीवर बायकोचा हात उमटला होता. नखं, सुरकुत्या, सुईने टोचून राठ झालेलं बोट, सगळं लख्ख. फक्त बोटांच्या कडा सरळ नव्हत्या. पाण्यात बुडवलेल्या काठीसारख्या त्या नागमोडी दिसत होत्या.

छापखान्यात त्यांना सगळे प्रूफवाले म्हणत. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. छापखाना बंद झाला तेव्हा तिथला जुना स्कॅनर त्यांनी घरी आणला आणि झाकण काढून टाकलं. दुपारी पडदे ओढून घ्यायचे, काचेवर वस्तू ठेवायची, की काचेखालून उजेडाची पट्टी गोगलगायीसारखी सरकायची. वीस सेकंद. जे स्थिर, ते जसंच्या तसं उमटतं. जे हललं, ते वाकडं. आधी पानं झाली, किल्ल्या झाल्या, कांद्याची सालं झाली. मग बायकोचा हात.

तो हलू नये म्हणून ते मनगट स्वतः काचेवर दाबून धरत. तरी थरथर त्यांच्या पंज्याला जाणवायचीच.

"म्हातारी झालीस," ते म्हणाले.

"तुम्ही तेवढे तरणेताठे," ती म्हणाली आणि चहा आणायला गेली. हल्ली ती कप अर्धाच भरायची. सांडतो म्हणून.

वाचनालयाच्या सभागृहात हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. काही धड नव्हतं म्हणून त्यांनी तोच नागमोडी हात पाठवला. कोपऱ्यात, पंख्याच्या बटणांखाली लागला. आपण उगाच आलो, असं त्यांना नेहमीप्रमाणे वाटत होतं. इतक्यात दोन माणसं त्या चित्रापाशी थांबली.

पहिला सभागृहाचा व्यवस्थापक. "काका, जिवंत आहे हो हा हात! असे बारा द्या. पाच महिन्यांनी मोठी खोली रिकामी आहे. तुमची एकट्याची."

आयुष्यात असं वाक्य त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांनी ते मनात दोनदा तपासलं. चूक सापडली नाही.

दुसरी एक डॉक्टरीणबाई होती. चष्मा कपाळावर सरकवून ती लाटा मोजत होती. उजेडाला किती वेळ लागतो ते तिने विचारलं, मनाशी भागाकार केला.

"सेकंदाला पाच. हा कंप आहे. कोणाचा हात?"

"बायकोचा."

"दाखवायला घेऊन या. लवकर गोळ्या सुरू केल्या तर जवळजवळ थांबतो."

"थांबतो?"

"हो. पूर्ण नाही, पण इतका की कळणार नाही."

घरी जाईपर्यंत ते दोन शब्द त्यांच्या डोक्यात घोळत राहिले. कळणार नाही. मग उरलेल्या अकरा चित्रांचं काय?

बायकोला त्यांनी फक्त व्यवस्थापकाचं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज मऊ झाला. "हलू दे गं, हलू दे. छान हलतोय."

"मला नाही ते हलवायला जमत," ती म्हणाली. "तुम्ही धरा, म्हणजे होईल."

त्यांनी धरलं. चित्रं एकाहून एक सरस येऊ लागली. लाटा रुंद होत गेल्या. तिसऱ्या महिन्यात तर बोटं ज्योतीसारखी फडफडली. खूश होऊन त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि लगेच ओशाळले.

त्या संध्याकाळी ती चित्रांखाली लावायच्या पट्ट्या लिहीत बसली होती. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून ते काम तिचं. एकेक गोल, टपोरं अक्षर काढत, मान वर न करता ती म्हणाली, "एकदा डॉक्टरकडे दाखवून घेऊया का?"

म्हणजे हिलाही कळलंय.

"प्रदर्शन होऊन जाऊ दे."

"वाढत चाललंय, अहो."

"दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

तिने बोळा घेऊन टोपण पुसलं, पेनला लावलं. पुन्हा विषय काढला नाही. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी पडदे ओढले.

प्रदर्शन झालं. लोकांनी नावाजलं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांत दोन मुद्रणदोष होते. तिसऱ्याच दिवशी ते स्वतःहून तिला घेऊन दवाखान्यात गेले. केसपेपरवर नाव त्यांनीच सांगितलं. आधी तिचं, मग त्यांचं, मग आडनाव.

"केव्हा लक्षात आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेव्हा."

"पाच महिने! आणि आज येताय? माणसाचा हात आहे काका, चित्र नव्हे. गेलेलं सगळं परत मिळत नाही."

प्रूफवाले खाली मान घालून बसले. बायको काहीतरी बोलायला गेली, पण बाई तोवर तिला तपासायला उठल्या होत्या.

बाईंनी तिला बोटं नाकाला लावायला सांगितली, पाण्याचा पेला धरायला सांगितला, कागदावर गोल काढायला सांगितला. गोल पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली.

"घरी चित्र कसं काढता? इथे टेबलाच्या काचेवर करून दाखवा."

बायकोने हात काचेवर ठेवला. प्रूफवाल्यांनी सवयीने तिचं मनगट दाबून धरलं. बोटं थरथरू लागली.

"बघा," ते हळूच म्हणाले.

"बघतेय. आता सोडा."

त्यांनी सोडलं. काचेवर बायकोचा हात निवांत पडून होता.

बाईंनी केसपेपर पुढे ओढला आणि त्यावरचं पहिलं नाव खोडून टाकलं.