पलीकडची खोली

डावीकडच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. फर्निचर पॉलिशवाल्यानं दारातूनच नाक मुरडलं. आत दहा-बारा माणसं. कुणाच्या शर्टाची बटणं वर-खाली, कुणाची दाढी आठवड्याची, आणि एकजण बाहीला नाक पुसत मुसमुसत होता.

'रडतराऊत सगळे,' तो मनात म्हणाला. 'दारू सुटायची ती सुटेल, पण यांच्यात बसून आहे ती अब्रूही जायची.'

दारू सोडणाऱ्यांचे तीन गट त्यानं असेच नापास केले होते. एकात फार रडारड. एकातला बोलणारा विमा विकल्यासारखा बोलायचा. एकात टाळ्या वाजवायचे, कशालाही. "मुली बघायला निघालायस का रे तू?" सकाळी थोरल्या बहिणीनं विचारलं होतं. तिच्याच घरी तो राहत होता. "आज नावं ठेवून परत आलास ना, तर तुझी बॅग जिन्यात असेल. मी काही बोलणार नाही. कुलूप लावून कामाला जाईन."

ताई नुसत्या धमक्या देत नसे. तिची तेवढी एकच खोड वाईट होती.

उजवीकडच्या खोलीत मात्र लाकडी खुर्च्या होत्या. जुन्या, सागवानी, पाठीला सुरेख वळण दिलेल्या. पॉलिश कुणा अडाण्यानं मारलं होतं, पण लाकूड खानदानी. माणसंही तशीच. इस्त्रीचे कपडे, विंचरलेले केस, हातात कपबशा. पिणारे असेही असतात तर! दारावरची पाटी वाचायच्या भानगडीत न पडता तो आत जाऊन ऐटीत बसला.

"या," समोरच्या आजी म्हणाल्या. जन्मभर नर्स होत्या म्हणे; आवाजात सुई अजून शाबूत होती. "तुमच्याकडे कोण पितं?"

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. ही पिणाऱ्यांची बैठक नव्हती, पिणाऱ्यांच्या घरच्यांची होती. उठायला हवं होतं. पण सगळे त्याच्याकडे सभ्य माणसाकडे बघावं तसे बघत होते, आणि असं त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत कुणी बघितलं नव्हतं.

"भाऊ," तो म्हणाला. "धाकटा."

आणि सुटलाच.

"महानालायक माणूस. बहिणीच्या जिवावर जगतो आणि तिच्याच भाजीला मीठ कमी म्हणतो. काम फर्निचर पॉलिशचं. एका बाईंच्या कपाटाचं एक दार चकचकीत केलं आणि दुसरं तसंच ठेवून पसार. ती बिचारी त्या दारावर टॉवेल टाकून ठेवते. सुधारायला पाठवलं, तर हे साहेब गटांनाच मार्क देत फिरतात. यांना रडणारे चालत नाहीत, हसणारे चालत नाहीत. जगात पिऊन शहाणा राहिलेला हा एकटाच!"

"अगदी आमचे वडील!" एक कारकून मांडीवर थाप मारून म्हणाला. खोलीभर हशा पिकला. पॉलिशवालाही हसला. त्याला रंग चढला.

"परवा तर दारू मिळेना, म्हणून पॉलिशचं स्पिरिटच तोंडाला लावायला निघाला. भाचीनं बाटली हिसकावली. एवढीशी पोर. तर तिलाच म्हणतो, आईला सांगू नकोस." तो थांबला. "तिनं अजून सांगितलेलं नाही. माझ्याकडे... त्याच्याकडे बघते नुसती."

हसणं विरून गेलं. कारकुनानं चहात नसलेली माशी काढायचा प्रयत्न केला.

आजींनी कप खाली ठेवला. "हाकला त्याला," त्या म्हणाल्या. "मी नवऱ्यापायी अर्धं आयुष्य घालवलं, सगळं पाण्यात. असली माणसं कुणाची होत नाहीत. बहिणीला सांगा, आजच बाहेर काढ म्हणावं."

"आणि तो जाईल कुठे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"असं कसं, आजी?" पॉलिशवाल्याचा आवाज चढला. "नालायक आहे, मान्य. मी काय कमी शिव्या दिल्या का? पण माझ्याशिवाय त्याला आहे कोण?"

आजींनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या बोटांकडे. नखांच्या कडा पॉलिशच्या लाखेनं तपकिरी झाल्या होत्या. त्यानं हात मांडीखाली घेतले, पण जरा उशिराच.

"मग इथे बसून त्याच्या चुगल्या काय करताय?" त्या म्हणाल्या. "पलीकडे न्या त्याला."

"येत नाही म्हणतो. तिथली माणसं त्याला पसंत नाहीत."

"त्यांना तो पसंत पडेल का, ते विचारलंत?"

तो उठला.

पलीकडच्या दारात एक ढेरपोट्या, घामट माणूस सिगारेट विझवत उभा होता. तोंडाला वास, चपलेचा अंगठा तुटलेला. 'हाच राहिला होता,' पॉलिशवाल्याच्या मनात आलं. माणसानं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि अदबीनं बाजूला सरकला.

"कुणाला पोचवायला आलात का, साहेब?"

"हो," पॉलिशवाला म्हणाला. "भावाला."

आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.