कीर्तीचा ऑपेरा

“आता काय करून राहिली?” राधाबाईंनी विचारलं.

“खाटेवर निजली आहे. पांढरा झगा आहे अंगात. तिचा माणूस धावत आला,” लक्ष्मणराव म्हणाले.

टीव्हीवर कीर्ती गात होती. त्यांची एकुलती एक लेक. त्यांच्या गावच्या, सानगडीच्या भजनांत तिचा गळा तयार झाला. नागपुरात शिकली आणि शिष्यवृत्तीवर थेट इटलीला गेली. तिथल्या एका लहानशा मंडळीनं तिला ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, नायिका केलं. त्या प्रयोगाचं शूटिंग तिनं दिवाळीत पाठवलं होतं. साखरेच्या आजारानं राधाबाईंची नजर गेलेली. त्यामुळं लक्ष्मणराव रोज दुपारी शेजारी बसून सगळं सांगत.

“मग?”

“मग... दवा लागू पडते. ती उठून बसते. दोघं घरी जातात.”

पडद्यावर कीर्तीचा हात खाटेवरून खाली लोंबला. नायक तिच्या छातीवर कोसळला. लक्ष्मणरावांनी डोळे पुसले आणि टीव्ही बंद केला.

“आज आला का तिचा फोन?” त्यांनी विचारलं.

“आला ना. तुमी आंघोळीले गेले होते तवा.” फोन राधाबाईंच्या उशाशीच असे. “तालमी चालू आहेत म्हणे.”

“माझ्या वाट्याले येतच नाही पोरगी!” ते हसले. उन्हाळ्यात कीर्ती यायची होती. तिच्या खोलीसाठी चुना आणायला ते पिशवी घेऊन बाजारात गेले.

शेजारची रश्मी भाजीची वाटी घेऊन दारात उभी होती. शेवट तिनं पाहिला होता. तिला राहवलं नाही.

“काकू, काकाजी खोटं सांगतात तुमाले. ती मरते शेवटी.”

“ठाऊक आहे मले. माझ्या लेकीचा सूर कुठं तुटला, ते मले आंधळीलेही समजते.”

“मंग रोज काहून आयकता?”

“नाटकातलं मरणही त्यायच्या तोंडून निघत नाही, बाई.” राधाबाईंनी चाचपडत रश्मीचा हात धरला. त्यांची बोटं थंडगार होती.

“काकू?”

“आठ दिवस झाले, रश्मी. तिकडं रस्त्यात मोटारीनं उडवलं पोरीले. उद्या सकाळी माझा भाचा नागपूरवरून पेटीत तिचा देह घेऊन येऊन राहिला, अन् तुझ्या काकाजीले मी अजून काहीच सांगितलं नाही.”