फोनवरची बाई

"काल आलेली पोर मला बाळंतपण शिकवते!" रेवलीच्या सासूने गूळपाण्यात कापसाचा बोळा बुडवला. नणंदेचं बाळ सकाळीच जन्मलं होतं, आणि पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं, ही सातपुड्यातल्या या घराची जुनी रीत. रेवली स्वतः गावची आशाताई, सरकारी आरोग्यसेविका खरी, पण घरात सुनेचं कोण ऐकणार?

तेवढ्यात सासूचा मोबाइल वाजला. बाळंतिणीच्या घरी आरोग्य केंद्रातून असे फोन यायचे, सरकारी मराठीत नव्हे, थेट इथल्या पावरी बोलीत. सासूने स्पीकर लावला. "पहिलं दूध टाकू नका," फोनवरची बाई ठासून सांगू लागली, "तेच बाळाचं पहिलं औषध. गूळपाणी तर मुळीच देऊ नका."

रेवलीने मान खाली घातली. तो आवाज तिचाच होता. गेल्या महिन्यात तालुक्याला जाऊन तिने तो रेकॉर्ड करून दिला होता, घरात कुणालाही न सांगता.

सासूने वाटी बाजूला सारली. "ऐकलंस ना? घे त्याला छातीशी!" ती लेकीवर डाफरली. बाळ लुचू लागलं, तसा रेवलीच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी सासूने रेवलीच्या हातात सुंठीचा काढा ठेवला.

"मला कशाला?"

"सकाळपासून माझ्याशी भांडून घसा बसलाय तुझा. फोनवर बोलायला लागेल ना तो?" सासू हसू दाबत म्हणाली, "सुनेचं ऐकलं तर पाड्यावरच्या बायका मला हसतील. फोनवरच्या बाईचं ऐकलं, तर त्याही ऐकतील."