तेवीस मिनिटांचं गाणं

"दोनदा लाव तुझं ते गाणं. तवर पाव्हणं उठत्यात," असं म्हणून नानासोंनी बाहेरून कडी घातली. आतली कडी त्यांनी गेल्या साली सुताराकडून काढूनच घेतली होती.

वीरधवल कॉटवर बसला. गंमत बघा, याच गाण्याला बापानं आजवर शिव्या घातल्या होत्या. या इंग्रजी धिंगाण्यानंच पोराचं डोकं फिरलं, असं ते उठता-बसता घरात ऐकवायचे. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं, तरी नानासोंचा राग गाण्यावरच. आज मात्र तेच गाणं कामाला आलं. समीक्षाला बघायला विट्याचे पाहुणे आले होते, आणि घरात असला भाऊ आहे हे कळलं तर ते चहासुद्धा न घेता उठतील, ही नानासोंना धास्ती.

त्यानं हेडफोन लावले. गाण्यातला माणूस एका खोलीत कोंडलेला असतो. त्याच्या डोक्यात कोण कोण बोलत असतं, गिटार आणि ड्रम नुसता कल्लोळ करतात. पण विसाव्या मिनिटाला सगळं एकदम थांबतं, कुणीतरी दारावर सात वेळा टकटक करतं आणि दार उघडतं. त्या दारासाठी वीरधवल आधीचा सगळा कल्लोळ सोसायचा. समीक्षाला तर त्यानं ते कितीदा ऐकवलं होतं. जेवता जेवता ती ताटावर सात ठोके वाजवायची, आणि दोघं बहीणभाऊ हसत सुटायची.

सकाळपासून लाईट नव्हती. पहिल्याच खेपेला, अठराव्या मिनिटाला, मोबाईल बंद पडला.

गाणं थांबलं, पण कल्लोळ थांबेना. हा गाण्यातला नव्हता, त्याचा स्वतःचा होता. त्यानं डोळे मिटून मनात दोन मिनिटं मोजली. आता पुढचं आपणच पुरं करायचं, म्हणून तो उठला आणि दारावर बोटानं टकटक केली. सात वेळा.

बाहेरचं बोलणं थांबलं. हा कसला आवाज, म्हणून पाहुण्याबाईंनी विचारलं. वीरधवलनं दाराला कान लावला. समीक्षानं ते सात ठोके ओळखलेत, याची त्याला पक्की खात्री होती.

"घूस हाय," समीक्षा म्हणाली. "लय दिस झालं, आतल्या खोलीत शिरलीया."

पाहुणे हसले. कपबशा पुन्हा वाजायला लागल्या. वीरधवलनं ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरलं, ते पाहुण्यांची गाडी जाईपर्यंत सोडलं नाही.

पोरगी पसंत पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी समीक्षा त्याचं जेवणाचं ताट घेऊन आत आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ताटाशेजारी तिनं एक नवा खोका ठेवला. आत पॉवर बँक होती.

"नानांनी सांगलीस्नं आणलीया," ती म्हणाली. त्याच्याकडं तिला बघवेना. "साखरपुडा आपल्या घरातच हाय, दादा. ही दिसभर पुरतीया म्हणं."