मागच्या चाकाची हवा

"मावशी, माझ्या वजनाने टायर बसतो का हो?"

विचारलं एकदाचं तिने! शाळा सुटल्यापासून लंबू आणि चष्मी या दोघी मैत्रिणींनी पिच्छा पुरवला होता, हिंमत असेल तर विचारून दाखव म्हणून. हिंमत होतीच. आवाज तेवढा जरा जास्तच मोठा निघाला.

सायकल दुरुस्तीवाल्या मावशींनी हातातला पाना खाली ठेवला. "कोण म्हणालं असं?"

"मीच. संध्याकाळी हवा भरून ठेवते आणि सकाळी बघावं तर टायर जमिनीला टेकलेला. दर वेळी मागचाच. माझा सगळा भार त्याच्यावरच येतो ना!"

"रात्रभर सायकलवरच झोपतेस का?"

लंबू फिस्सकन हसली. तीही हसली. असं स्वतःवर हसणं तिला हल्लीच जमू लागलं होतं. उतारावर सायकलवरून पडून पाय मोडला, प्लास्टर घालून बसून बसून अंग सुटलं, शाळेचे कपडे नव्याने शिवावे लागले. कितीतरी दिवस ती वर्गात भिंतीकडच्या बाकावर अंग चोरून बसायची. मग एक दिवस तिलाच त्या भिंतीचा कंटाळा आला. आता डॉक्टरांनी सायकलला होकार दिला होता. वजन उतरवणार, पुन्हा सायकलने शाळेत येणार, असं तिने वर्गभर सांगूनही टाकलं होतं. आणि रोज येत होती ती बाबांच्या स्कूटरवर मागे बसून. काल बाबा म्हणाले, "विकून टाकू या का ती सायकल?" म्हणून तर आज शाळा सुटल्यावर तिने घरून सायकल ढकलत मावशींकडे आणली होती.

मावशींनी चाक वर केलं आणि व्हॉल्व्हचं टोपण फिरवायला गेल्या. टोपण हलेना.

"मला तहान लागलीय," लंबू म्हणाली. तिने सायकलच्या मालकिणीच्या दप्तरातून पाण्याची बाटली ओढून काढली, दोन्ही हातांनी पिळली, गुडघ्यांत धरली, शेवटी चष्मीपुढे केली आणि मालकिणीकडे वळली. "तुझे बाबा झाकणं लावतात की वेल्डिंग करतात गं?"

मावशींनी पक्कड घेतली. टोपण करकरत निघालं. मग त्यांनी ट्यूब काढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवली. चौघींची डोकी घमेल्यावर वाकली. एकसुद्धा बुडबुडा नाही. व्हॉल्व्ह बुडवला. तिथेही नाही.

"ट्यूब ठणठणीत आहे," मावशी म्हणाल्या. "काल हवा भरल्यावर टोपण कुणी लावलं?"

"मीच."

मावशींनी टायर चढवून पुन्हा हवा भरली. "लाव बघू."

तिने लावलं. मावशींनी ते एका बोटाने फिरवून काढलं. "हे तुझं. मघाचं मला पकडीने काढावं लागलं. पोरं खोडी म्हणून हवा सोडतात ना, ती टोपण घेऊन पळतात. तुझ्या टायरची हवा सोडणारा मात्र टोपण परत लावून जातो. असं घट्ट."

"रोज असंच असतं. मी फडक्यात धरून उघडते," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळीच झाकणं..."

आणि तिची नजर चष्मीकडे गेली.

चष्मीच्या हातात बाटली तशीच होती. न उघडलेली.

आधी तिला राग आला. चांगला कानशिलं तापेपर्यंत आला. मग तो उतार आठवला. त्या दिवशी बाबा एकाच पायात चप्पल घालून धावत आले होते. दुसरी चप्पल कुठे पडली, ते त्यांना दवाखान्यातून घरी येईपर्यंत कळलंही नव्हतं.

"मग बसतो का गं टायर तुझ्या वजनाने?" मावशींनी हात पुसत विचारलं.

"छे हो!" ती म्हणाली आणि सायकलवर टांग मारली. पहिल्या वळणापर्यंत हँडल लटपटलं. मग नाही. घरापर्यंत मैत्रिणी मागे धावत होत्या आणि धापा टाकत तिलाच हळू चालव म्हणून ओरडत होत्या.

घरी आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. बाबा शेजारी उभे राहून डब्यांना झाकणं लावत होते. प्रत्येक झाकण लावून झालं की तळहाताने आणखी एकदा दाबायचं, ही त्यांची रोजची रीत. तिला घामाघूम पाहून त्यांचा हात थांबला.

"सायकलने आलीस? पाय दुखत नाही ना?"

"दुखतोय थोडा. मांड्या तर बोंब मारताहेत. आणि टायर एकदम ठणठणीत आहे, मावशींनी पाण्यात घालून बघितला."

आईने एकदम बाबांकडे पाहिलं. बाबा हातातल्या डब्याकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

तिने दारामागचा पंप आणला आणि त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला.

"आई, बाबा, ऐका. सायकल विकायची नाही. उद्यापासून मी सायकलनेच शाळेत जाणार. उताराला खाली उतरून सायकल हातात धरून चालेन, शपथ. आणि रोज सकाळी मागच्या चाकात हवा बाबांनी भरायची." तिने त्यांच्या तळहाताखालचा डबा हलकेच काढून घेतला. "टोपणही तुम्हीच लावायचं, बाबा. तुमच्याइतकं घट्ट कुणालाच लावता येत नाही."